हात धुण्याचा तास

कुसुमने हात ओढून घेतला.

सोमवारची सकाळ होती. प्रार्थना नुकतीच संपली होती. मी रोजच्यासारखी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून पहिलीच्या मुलांची नखं बघत होते. कुसुम रांगेत पहिली. कारखान्यातल्या हेडक्लार्कची मुलगी. सहा वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. शनिवारी मीच तिला मांडीवर घेऊन तिची नखं कापली होती. एक नख जरा खोल गेलं तेव्हा मी त्यावर फुंकर घातली होती आणि ती खुदकन हसली होती.

सोमवारी तिने हात ओढून घेतला आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या बादलीकडे गेली. तांब्याने पाणी घेतलं. साबणाची वडी उचलली. मी शिकवलं होतं अगदी तसे हात धुवायला लागली. तोंडाने गाणंही म्हणत होती. ते गाणं मीच रचलं होतं, मुलांच्या लक्षात राहावं म्हणून.

आधी तळवा, मागून पाठ,
बोटांमधली धू रे वाट,
नखाखालची काढ गं घाण,
मगच घे तू जेवायला पान.

फ्रॉकला पिनेने लावलेल्या रुमालाला तिने हात पुसले. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. हात मात्र पाठीमागे.

“आई म्हणाली, बाईंचा हात लागला की धुवायचा,” ती म्हणाली. “घाण लागली की लगेच धुवायचं. हो ना बाई? तुम्हीच सांगितलंय.”

ती मला हिणवत नव्हती. हे नीट सांगायला हवं. ती शाबासकीची वाट बघत होती. बाईंनी शिकवलेलं आपण न चुकता केलं, असा तिचा चेहरा होता.

मागून एक मुलगा म्हणाला, “माझी पण आई म्हणाली.” मग दुसरा. मग ज्यांना माझा हात लागलाच नव्हता तीही बादलीकडे धावली. मुलांना पाण्यात खेळायला निमित्तच हवं असतं. सगळा व्हरांडा माझं गाणं म्हणायला लागला. मी तिथेच उभी होते, दोन्ही हात पुढे धरून. ते कुठे ठेवावेत हे मला कळत नव्हतं.

धडा मी चांगला शिकवला होता.

*

मी मुळात कमी बोलणारी. त्याला कारण आहे.

वडील खडकीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाचे बटलर होते. त्या साहेबाच्या मडमेच्या मनात आलं आणि तिने मला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत घातलं. मडम विलायतेला गेली, साहेब गेला, राज्य गेलं. मी शाळेत राहिले. फी माफ असलेल्या मुलींनी मागच्या बाकावर बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं मला पहिल्याच वर्षी कळलं. जात तिथे कुणी काढत नसे. काढायची गरज नव्हती. कुणाचे बूट जुने आहेत हे सगळ्यांना दिसत होतं.

तिथे रोज सकाळी तपासणी असे. नखं, दात, कानामागची कातडी, रुमाल. भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं की स्वच्छता देवाच्या शेजारी बसते. मी ते खरं मानलं. मला वाटायचं, आपण इतकं स्वच्छ राहायचं की कधीतरी आपल्यालाही तिथे जवळपास जागा मिळेल. तपासणीत माझ्या हाताला कधी काही निघालं नाही.

गोरे गेल्यावर वडिलांचं काम गेलं. पिंपरीजवळ बाटल्यांचा नवा कारखाना उभा राहिला तेव्हा त्यांना तिथे फुटकी काच निवडायचं काम मिळालं. गोऱ्या साहेबाला सूप वाढणारा माणूस तिथे पोत्यावर बसून काचा निवडायचा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. त्याबद्दल घरात ते कधी बोलले नाहीत.

त्या कारखान्याच्या वसाहतीत मुलांसाठी शाळा निघाली. मॅनेजरसाहेबांच्या पत्नी, सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत, मुलांना चांगल्या सवयी लावणारी कुणी मुलगी शोधत होत्या. अभ्यास शिकवायला इतर बाई होत्या. मला शिकवायचे होते दात, नखं, केस, रुमाल कसा ठेवायचा, पाणी उष्टं न करता कसं प्यायचं, शिंक आली की काय करायचं. बाईसाहेबांनी माझ्याशी थोडं इंग्रजीत बोलून पाहिलं आणि त्या खूश झाल्या.

“कुठल्या तुम्ही?” मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“खडकीच्या.”

तेवढ्यावर भागलं. सिस्टरांच्या शाळेतली म्हणजे किरिस्ताव असेल, असं त्यांनी आपापसात ठरवलं असावं. मी रोज वडिलांबरोबर खडकीहून गाडीने चिंचवडला यायची. स्टेशनातून बाहेर पडलं की वडील कारखान्याच्या मागच्या फाटकाकडे वळायचे आणि मी वसाहतीच्या रस्त्याला लागायची. आपण एकाच ठिकाणी जातो आहोत असं कधी वाटायचं नाही.

मुलं माझ्यावर जीव टाकायची. मोठी माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. मुलांपुढे असं होत नाही. तिथे मी गाणी रचायची, नक्कल करायची, माकड दात घासतं तसे दात घासून दाखवायची. पोरं लोळून हसायची. त्यांचे ओले, गरम, साबणाचा वास येणारे हात दिवसभर माझ्या हातांत असायचे.

मग त्या शनिवारी आई आली.

*

आईचं माहेर इंद्रायणीच्या काठचं, देहूच्या वाटेवरचं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिचे भाऊ अजून तिथे राहतात. ती माहेरी निघाली होती आणि वाटेत तिला माझी शाळा बघायची होती. कधीपासून म्हणत होती, “तू पोरास्नी शिकिवती कशी, त्ये येकदा बघू दे की.”

शाळा सुटत होती. वसाहतीतल्या बायका मुलांना न्यायला आल्या होत्या. आई पायरीच्या खालीच थांबली. मी तिला वर ये म्हटलं तर म्हणाली, “हितंच बरी हाय.” नऊवारी, हातावर गोंदण, डोक्यावरून पदर. शाळेत झाडलोट करणारी, पाणी भरणारी गंगूबाई तेवढ्यात बादली घेऊन बाहेर आली आणि आईकडे बघत राहिली.

“अगं ए, तू आमच्या गावची न्हवं? म्हारवाड्यातली. किसनाची भन?”

“व्हय,” आई म्हणाली. “तुमी वरच्या आळीच्या गंगूताई. मी लांबनंच वळिखलं.”

“हितं कुनाकडं आलीस?”

आईने माझ्याकडे बोट केलं. “ही काय. माजी ल्येक. मास्तरीन हाय हितं.”

आईचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. सिस्टरांच्या शाळेतल्या बक्षीस समारंभालाही ती आली नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. आज तिला आपली लेक मास्तरीण असल्याचं सांगायला तिच्याच गावची बाई मिळाली होती. वरच्या आळीची. तिला त्याचा केवढा आनंद.

“ही माझी आई,” मी बायकांकडे बघून म्हणाले.

गंगूबाईने पदर आवरला आणि ती एक पाऊल मागे सरली. कुसुमची आई पुढे आली, तिने कुसुमला नेलं. नेताना तिने तिचा हात धरला नाही. फ्रॉकची बाही चिमटीत धरून ती तिला रस्ताभर घेऊन गेली.

आईला यातलं काही दिसलं नाही, की दिसलं, हे मला आजही माहीत नाही. जाताना ती म्हणाली, “लई चांगली हाय गं शाळा. भिंती कशा पांढऱ्याधोट.”

*

त्या सोमवारी दुपारी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. शनिवारपर्यंत त्या मला तुम्ही म्हणत होत्या.

“तू आम्हाला सांगितलं नाहीस.”

“कुणी विचारलं नव्हतं.”

“असं विचारायचं असतं का? माणसाने आपणहून सांगावं.”

मोठ्या बाई खादी नेसायच्या. रोज संध्याकाळी सूत काढायच्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“हे बघ, माझं स्वतःचं काही नाही. मी मानतच नाही असलं. पण आया आहेत. कायदा झालाय, मान्य. कायदा काय आयांच्या स्वयंपाकघरात शिरतो? मुलं घरी जाऊन चुलीपाशी बसतात. बाईसाहेबांना तुझं इंग्रजी आवडतं म्हणून तुला काढायचं नाही असं ठरलंय. तू फक्त एवढं कर. मुलांना हात लावू नकोस.”

त्यांनी टेबलावरची आखणीची लाकडी पट्टी उचलून माझ्यासमोर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. ठेवली.

“मुलं हात पुढे करतील. तू पट्टीने बोट वर कर, नख बघ. बादलीला तू शिवायचं नाही, पाणी गंगूबाई घालेल. तुझं प्यायचं पाणी घरून आण. बस. कुणाला काही कळायचंही नाही.”

घरी मी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ बोटांवरच्या चिंध्या सोडत बसले.

“टिकून राहा,” ते म्हणाले. “आपल्यात कोण मास्तरीण झालंय? पट्टी तर पट्टी.”

दुसऱ्या दिवसापासून मी पट्टीने नखं बघायला लागले. बोट पट्टीने वर करायचं. तळवा पट्टीने उलटा करायचा. केस पट्टीने बाजूला सारून कान बघायचे. मुलांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय लावता येते, लहानपणी लावली तर फारच लवकर. हे तर माझंच काम होतं.

एकदा एक छोटा मुलगा पायरीवरून पडला. गुडघा फुटला. मी धावले आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. तो हात वर करून रडत होता, मला उचला म्हणून. गंगूबाई पाण्याला गेली होती. ती येईपर्यंत तो रडत होता आणि मी त्याच्यासमोर उकिडवी बसून, हात स्वतःच्या काखेत दाबून धरून, त्याला उगी उगी म्हणत होते.

*

दिवाळीनंतर शाळेत झाडूवाल्यांच्या चाळीतली मुलं आली. कुणीतरी वर तक्रार केली होती, मग त्यांना घ्यावं लागलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “यांना तू हात लावलास तरी चालेल. ती तुमचीच.” त्यांना चपला काढायच्या जागेजवळ बसवलं. बादली त्यांच्यासाठी नव्हती. त्यांनी ओंजळ धरायची आणि गंगूबाईने वरून धार सोडायची. हात धुवायला तसंच, प्यायला तसंच.

त्यांच्यात तानी होती. सात वर्षांची असेल. पहिल्या दिवशी मी तिचा हात हातात घेतला. किती दिवसांनी एका मुलाचा हात माझ्या हातात आला होता. ती कावरीबावरी झाली.

हात अतिशय स्वच्छ होते. अख्ख्या शाळेत तसे हात नव्हते. पण बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, काहींत रक्त साकळलं होतं.

“हे काय गं?”

“आई धुती. सोड्यानं. मंग इटंच्या तुकड्यानं घासती.”

“इतकं कशाला?”

“आई म्हन्ती, कुनी बोट दावाया नगं.”

मी तिच्या बोटांना खोबरेल लावायला लागले. ती हात पुढे करून मुकाट बसायची आणि तिचे डोळे बादलीकडे असायचे. तिथे कुसुम आणि बाकीच्या मुली एकमेकींवर पाणी उडवत, गाणं म्हणत हात धुवायच्या. तानीला गाणं पाठ झालं होतं. ओठातल्या ओठात म्हणायची.

एक दिवस तिने विचारलं.

“बाई, किती धुतलं म्हंजी मला त्या बादलीला हात लावता यील?”

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आईला घरी जाऊन सांगायचं होतं. अजून किती घासायचं, कशाने घासायचं, सोडा कमी पडतोय का, वीट कमी पडतेय का. ती आणि तिची आई, दोघी मिळून तेवढं करणार होत्या.

मी खोबरेलाची वाटी खाली ठेवली. भिंतीवरच्या त्या मोठ्या अक्षरांवर भरवसा ठेवून मीही हेच करत आले होते. आयुष्यभर घासत आले होते. भाषा घासली, चाल घासली, आवाज घासला. कुणीतरी म्हणेल, आता पुरे, आता तू बस. तो कुणीतरी येणारच नव्हता. बादलीपाशी उभ्या असलेल्यांना आमच्या हातांवरचा मळ कधी दिसलाच नव्हता. त्यांना हात दिसत होते. आमचे.

“तुझे हात स्वच्छ आहेत, तानी,” मी एवढंच म्हणाले.

“मंग?” ती म्हणाली.

*

शाळेत स्वच्छतेचा सप्ताह साजरा झाला. शेवटच्या दिवशी बाईसाहेब आल्या. वसाहतीतल्या सगळ्या आया खुर्च्यांवर बसल्या. मध्ये टेबलावर तांब्याचं घंगाळ होतं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं, भोवती झेंडूच्या माळा. पिंपरीच्या निर्वासित वसाहतीतल्या सिंधी दुकानदाराकडून बाईसाहेबांनी बक्षिसासाठी एक सुंदर नक्षीचा टॉवेल आणवला होता. ज्या मुलाचे हात सगळ्यांत स्वच्छ, त्याला तो मिळणार होता. त्याने पुढे येऊन सगळ्यांना हात धुऊन दाखवायचे. गंगूबाई पाणी घालणार. मी पट्टी हातात धरून लांबून समजावून सांगणार.

ते मूल म्हणजे कुसुम, हे आधीच ठरलं होतं. तिला नवा फ्रॉक शिवला होता. मोठ्या बाईंनी सकाळीच मला सांगून ठेवलं होतं.

मी सगळ्यांचे हात पट्टीने बघत गेले. मागे चपलांजवळ बसलेल्यांचेही बघितले. बाईसाहेब हसून इंग्रजीत म्हणाल्या, “मग, निकाल काय, टीचर?”

“कुसुम,” मोठ्या बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या.

“तानी,” मी म्हणाले.

माझा आवाज फार लहान होता. पण व्हरांडा शांत होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

बाईसाहेबांना तानी कोण हे ठाऊक नव्हतं. “ये बाळ, ये,” त्या म्हणाल्या. तानी मागून उठून आली. घंगाळासमोर उभी राहिली. सवयीने तिने ओंजळ धरली आणि गंगूबाईकडे बघितलं. गंगूबाईने तांब्या उचलला, मोठ्या बाईंकडे बघितलं, आणि तांब्या परत ठेवला. त्या घंगाळातल्या पाण्याची धार इतक्या लोकांदेखत तानीच्या हातावर सोडायची की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तानी तशीच उभी. ओंजळ रिकामी.

मी पट्टी टेबलावर ठेवली.

“पाणी घे, तानी. तुझ्या हाताने घे.”

ती हलली नाही. मी तिच्याजवळ गेले. तिचं मनगट धरलं. दोघींनी मिळून तांब्या उचलला, घंगाळात बुडवला. मी तिच्या हातांवर पाणी घातलं. मग तांब्या तिच्याकडे दिला आणि माझे हात पुढे केले. तिने माझ्या हातांवर पाणी घातलं. ती गाणं म्हणत होती. इतकं हळू की फक्त मला ऐकू येत होतं.

“बाटवलं!” कुसुमची आई ओरडली. “बघा, बघा, सगळं बाटवलं हिनं!”

खुर्च्या सरकल्या. बायका मुलांना ओढायला लागल्या. कुणी म्हणालं, “डोक्यावर चढवून ठेवलं की असंच व्हायचं.” कुसुम रडायला लागली, तिला बक्षीस मिळालं नव्हतं म्हणून. तेवढं एकच रडणं तिथे सरळ होतं.

बाईसाहेब माझ्याजवळ आल्या. खालच्या आवाजात, इंग्रजीत बोलल्या. इतका छान कार्यक्रम तू बिघडवलास. याची काही गरज नव्हती. आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो आहोत, जरा धीर धरायला हवा होता.

त्यांच्यासारखं इंग्रजी मलाही येत होतं. त्यांच्यापेक्षा थोडं चांगलंच. मी मराठीत बोलले.

“बाईसाहेब, हिचे हात घाण आहेत का, एवढंच सांगा. मराठीत सांगा. तिला कळू दे.”

त्यांनी तानीकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघितलं, पर्स उचलली आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

गंगूबाईने घंगाळ अंगणात उपडं केलं. झेंडूच्या माळा पाण्याबरोबर वाहत गटारापर्यंत गेल्या. मग ती राखेने घंगाळ घासायला बसली. मोठ्या बाई म्हणाल्या, “सगळ्यांपुढे चूक झाली म्हण. मी बघते काहीतरी.”

“नाही,” मी म्हणाले.

सिस्टरांच्या शाळेत मला ‘नाही’ म्हणायला शिकवलं होतं, पण त्याला आभार जोडून. नुसतं, उघडं ‘नाही’ मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

*

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

माझी नोकरी त्याच दिवशी गेली. दोनच दिवसांत तानीच्या वडिलांना मुकादमाने बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही. तानी शाळेत जायची थांबली. बाकीची चाळीतली मुलंही एकेक करून थांबली. मी चाळीत गेले. दारात तिचे वडील उभे होते. आत तानी राखेने भांडी घासत होती. बोटांवरच्या चिरा परत उघडल्या होत्या. मी हाक मारली. तिने मान वर केली नाही.

“तिला पाठवा,” मी म्हणाले. “शाळेतून कुणाला असं काढता येत नाही. कायदा आहे.”

“बाई,” ते म्हणाले, “तुमी विंग्रजी शिकलेल्या. तुमाला दुसरी नोकरी घावंल. मला न्हाई घावायची.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“मी इथे येऊन शिकवीन तिला. रोज येईन.”

“येऊ नगा. तुमी आल्याचं त्येंच्या कानावर जातं.” मग म्हणाले, “त्या दिवशी घरी आली तवा लई खूश व्हती. माज्या हातावर बी पानी घातलं तिनं. पर आता नगा येऊ.”

मी परत फिरले. मी खरं बोलले, आणि त्याची किंमत मोजणारी माणसं वेगळीच निघाली. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तो दिवस परत परत मांडून बघते. तानीचं नाव घेतलं नसतं तर. कुसुमचं घेतलं असतं तर. दर वेळी येऊन थांबते ते तिच्या त्या एका शब्दापाशी. मंग?

वडिलांनी मला बोल लावला नाही. कामावर त्यांना माणसं टोचून बोलत असणार. ते घरी येऊन चिंध्या सोडत बसतात, एवढंच.

आईच्या गावच्या शाळेत जागा रिकामी होती. गाव आडवाटेला, शहरातली बाई तिकडे जायला तयार नव्हती. मी अर्ज केला. मला जागा मिळाली. आई ऐकून घाबरली.

“माज्या गावात नगं गं जाऊ. तितं आमी रस्त्याच्या कडंनं चाललोय. तुला त्ये खुर्चीवर बसू देतील व्हय?”

“बसायला मी त्यांना विचारणार नाही.”

“पोरं काढून न्हेतील. वस्तीवर राग काडतील. तुजा मामा तितं हाय.”

हे ती खरं बोलते आहे. चाळीत काय झालं ते मी पाहून आले आहे. म्हणून या वेळी आधी मामाकडे गेले. वस्तीतल्या बायांना, माणसांना बसवून सगळं सांगितलं, तानीचंही सांगितलं, काही लपवलं नाही. तुमची पोरं आत बसवणार, त्याचं पुढे काय होईल ते तुमच्यावर येईल, म्हणून तुमचं मत हवं, असं म्हणाले. मामा म्हणाला, “आत्ता बी रोज येतंच की आमच्यावर. निदान कशापायी येतंय त्ये तरी ठावं आसंल.” दोन घरांनी नको म्हटलं. बाकीच्यांनी हो म्हटलं.

तानी त्या वर्गात नसेल. मी कितीही मुलं शिकवली तरी ती त्यांच्यात नसेल. याची भरपाई होत नाही आणि झाली असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

सोमवारी मी हजर होणार आहे. मुलांना नाव विचारण्याआधी मी माझं सांगणार आहे, आणि कुणाची लेक, कुठल्या वस्तीतली, तेही. वर्गात माठ एकच असेल. त्यातलं पाणी काढायची पाळी सगळ्यांची असेल. ज्यांना चालत नाही त्यांनी आपलं मूल घेऊन जावं, मी दार अडवणार नाही. पण मी दारातून बाहेरही पडणार नाही. मला तिथून काढायचं असेल तर त्यांना आत यावं लागेल आणि मला हात लावून काढावं लागेल.